घरी चोवीस, ऑफिसात नऊ

माझ्या पाठीमागे मला सगळे 'कुलूप' म्हणतात, हे मला माहीत आहे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त मास्तरांची. ते अंध आहेत, माझ्या कपाळावरच्या आठ्या त्यांना दिसत नाहीत. "काय कुलूपराव, आज कुठलं दार बंद केलंत?" असं ते रोज सकाळी विचारतात. मला त्याचा राग येत नाही. एकोणीस वर्षांत आमच्याकडून एक फाईल बाहेर गेली नाही, ते काही लोकांच्या सज्जनपणामुळे नव्हे.

आमचा छापखाना ब्रेलचा आहे. शाळेची पुस्तकं ठिपक्यांत उतरवून अंध मुलांना पाठवायची, हे काम. लिनक्सवर चालणारे चार संगणक, आतल्या खोलीत एक सर्व्हर, आणि काचेच्या पार्टिशनमागे दिवसभर ठकठक करणारं छपाईयंत्र. हे सगळं चालतं ठेवायचं काम माझं आणि नियमही माझेच. कामाच्या वेळी मोबाईल दाराजवळच्या खणात. पेनड्राइव्ह बंद. संध्याकाळी कोणाच्याही संगणकावर एक अक्षर उरता कामा नये. संगणक बंद करताना माझं स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, दिवसभराचं काम उचलून सर्व्हरवर नेतं, सकाळी ज्याने त्याने तिथून घ्यावं. कोणी कुरकुरलं की माझं उत्तर ठरलेलं, "यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो."

ह्या छापखान्यात मला आणलं ते ताईने. माझी सख्खी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी, आता एकसष्टची. पुस्तक शेजारी ठेवून धडे टाइप करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. मोडेल पण वाकणार नाही अशी बाई. तिचा संगणक सगळ्यांत जुना, पण नवा घ्यायला ती तयार नाही, कारण ह्या कीबोर्डला म्हणे तिची बोटं ओळखतात. तिला अक्षरं मोठी लागतात, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात मी तिला फक्त तारखेचा आकडा ठेवून दिला होता, चांगला ठसठशीत. वेळ बघायला भिंतीवर घड्याळ आहेच.

घरी जाताना ताई संगणक बंद करते आणि मग टेबलाखाली वाकून भिंतीवरचं बटणही बंद करते. बाकी कोणी एवढं करत नाही. ही आईची सवय. आई घरातून बाहेर पडताना प्रत्येक बटणाला हात लावून बघायची. पुढे पुढे दहादा बघायची. मग बाहेर का निघालो तेच विसरायची. शेवटची सहा वर्षं तिला आम्हीही आठवत नव्हतो. त्याची सुरुवात तारखांपासून झाली होती. पत्रावर आई मागच्याच आठवड्यातली तारीख घालायची आणि आम्ही हसायचो. ताईने तिचं सगळं केलं. मी रविवारी फळं घेऊन जायचो. ताई आजवर कशालाही घाबरलेली मी पाहिली नाही, फक्त ह्या एका गोष्टीला घाबरते. किल्ली सापडली नाही तरी तिचा चेहरा उतरतो.

तर ह्या सगळ्यात पाहुणी आली.

पाहुणी म्हणजे आमच्याकडे नव्याने लागलेली आकृत्या काढणारी बाई. आधी ती दुसऱ्या एका छापखान्यात होती, आणि स्वतःचा कीबोर्ड, स्वतःची उशी, स्वतःचा दिवा घेऊन आली, म्हणून मास्तरांनी तिचं नाव पाहुणी ठेवलं. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "सर, सर्व्हरवर जुनी पुस्तकं कुठे असतात हो?" माझ्या मनात पाल चुकचुकली. तुला कशाला हव्यात जुन्या गोष्टी? तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटा पेनड्राइव्ह लटकलेला मी बघितला होता. तिने तो खणात ठेवला होता, नियमाप्रमाणे, पण होता.

मी दोन तारखेला, सोमवारी, सगळी दारं आवळली. फायरवॉल म्हणजे इमारतीचा रखवालदार समजा. कुठल्या संगणकाने बाहेर कोणाशी बोलायचं ते तो ठरवतो. मी त्याला सांगितलं, कोणीच बोलायचं नाही. फक्त सर्व्हरने. बाकी चौघांना काही हवं असेल तर सर्व्हरकडे मागावं. एकेक सोय मी सर्व्हरकडे वळवत बसलो. दोन-तीन किरकोळ सोयी राहिल्या, त्या नंतर करू म्हटलं, कारण माझा एक डोळा पाहुणीवर होता. कोणाचं काही अडलं नाही. मी स्वतःवर खूश झालो.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी असेल, ताई चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत आली. ती सहसा येत नाही; सर्व्हरच्या पंख्याने तिचे कान दुखतात.

"काय रे धाकट्या," ती म्हणाली, "ह्या संगणकाची तारीख कधी चुकते का?"

मी पाहुणीच्या लॉगिनची यादी वाचत होतो. मान वर केली नाही. "ती काय तो मनाने सांगतो का? तारीख बाहेरच्या घड्याळाकडून येते. सेकंदाचाही फरक पडत नाही."

"म्हणजे चुकणं शक्य नाही."

"ताई, यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो."

"हं," ती म्हणाली. आणि गेली. चहा तिने प्यायलाच नव्हता, कप माझ्या टेबलावर तसाच राहिला.

सोळा तारखेला पहिली चोरी झाली. मी त्या वेळी तिला चोरीच म्हटलं. विज्ञानाच्या पुस्तकाचे दोन धडे, ताईने पहिल्या आठवड्यात टाइप केलेले, सर्व्हरवरून गायब. मास्तर कच्ची पानं बोटांनी वाचून चुका काढतात. त्या धड्यांची पानं त्यांच्या हाताखाली होती. दुरुस्त्या सांगायला त्यांनी ताईला बोलावलं, तिने फाईल उघडायला घेतली तर फाईलच नाही.

"पान माझ्या बोटाखाली आहे आणि फाईल नाही म्हणता?" मास्तर म्हणाले. "म्हणजे केली होती हे नक्की. मग पुसली कोणी?"

ताईने पदराने चष्मा पुसला.

मी तपास सुरू केला. सर्व्हरवर कोण कधी आलं, कोणी काय केलं, ह्याच्या नोंदी, म्हणजे लॉग, मी डोळ्यांत तेल घालून वाचले. पुसल्याची खूण कुठेच नव्हती. बॅकअप बघितला. त्यात फक्त ताजी प्रत असते, आणि तिच्यातून तर ते धडे आधीच गेलेले. रोज पहाटे तीनला सर्व्हरची साफसफाई होते आणि चारला बॅकअप. म्हणजे ज्याने कोणी पुसलं त्याने तीन-चारच्या आत काम उरकून बॅकअपमधूनही माग मिटवला होता. हा कोणीतरी जाणकार असणार. साफसफाईचं स्क्रिप्ट माझंच आहे. ते मी बघितलं नाही असं नाही. बघितलं. बारा दिवसांपेक्षा जुन्या कच्च्या फायली तेवढ्या ते उचलतं, कारण कुठलाही धडा आठवड्याभरात पक्क्या कप्प्यात जातो आणि मागे राहतो तो कचरा. हे धडे थोडे रेंगाळले होते, तरी दहा-अकरा दिवसांचेच. म्हणजे त्याचा संबंध नव्हता. स्क्रिप्टने काय उचललं ह्याची यादी मी ठेवत नाही. कचऱ्याची यादी कोण ठेवतं?

गुरुवारी आणखी चार धडे गेले. शुक्रवारी तर आदल्या दिवशीचा धडा गेला. फक्त ताईचे. बाकी कोणाच्या अक्षरालाही धक्का नाही. व्यवस्थापकांनी मला बोलावून दार लावलं.

"महिनाअखेर पुस्तक गेलं नाही तर मुलं परीक्षेला पुस्तकाशिवाय बसतील," ते म्हणाले. "एक तर कोणीतरी पुसतंय, नाहीतर..." त्यांनी आवाज खाली आणला. "ताईंचं वय झालंय हो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. हल्ली पानांवर तारखाही चुकीच्या असतात, मास्तर सांगत होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठीक आहे," मी म्हणालो. "पुसणारा माणूस मी मंगळवारपर्यंत तुमच्यासमोर उभा करतो."

हे मी बहिणीच्या प्रेमाने बोललो, असं मला तेव्हा वाटलं. खरं म्हणजे माझ्या सर्व्हरवर माणसाच्या विसरण्याने फाईल हरवू शकते, हे मला मान्यच नव्हतं. चोर असला की मला बरं वाटतं.

आणि चोराचा माग मिळाला. गुरुवारपासून रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला कोणीतरी ताईच्या नावाने सर्व्हरवर येत होतं. ताई तर नऊला येते, एकोणीस वर्षं मी तिला नऊलाच येताना बघतोय. तिचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवलेला असतो, हेही सगळ्यांना ठाऊक. मी दारावरच्या वहीत बघितलं. साडेसातच्या आधी आत येणाऱ्यांत एकच सही ओळखीची, पाहुणीची. तिच्या खाली दुसरी एक होती, पण नुसती रेघ ओढलेली, ती मी सोडून दिली.

मंगळवारी, चोवीस तारखेला, मी सात वाजताच येऊन सर्व्हरच्या खोलीत दिवा न लावता बसलो. दार दोन बोटं उघडं ठेवलं. चोपन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखताहेत, आणि दाराच्या फटीला डोळा लावून बसलाय. साडेसातला बाहेर लॅच उघडल्याचा आवाज आला. दोन माणसांची पावलं वाजली. ताईचा संगणक सुरू झाला. थोड्या वेळाने पाहुणीचा आवाज आला, अगदी हळू.

"वनस्पतीच्या मुळांची कामं, दोन टिंबं, पहिलं..."

मी धाडकन दार उघडलं.

ताई टाइप करत होती. पाहुणी तिच्यासमोर बसून पुस्तकातून वाचून दाखवत होती, म्हणजे ताईला सारखं मान वळवून बघायला लागू नये. तिच्या दिव्याचा उजेड तिने ताईच्या बाजूला वळवला होता. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी तोंड उघडून उभा होतो, आणि त्या तोंडात जे शब्द तयार होते त्यांचा काही उपयोग नव्हता.

"मीच बोलावलं त्यांना," पाहुणी उभी राहत म्हणाली. "हरवलेले धडे पुन्हा करायला. एकट्या करत बसल्या असत्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

"तू जा गं, चहा घेऊन ये," ताई तिला म्हणाली. पाहुणी गेल्यावर तिने मला समोरच्या खुर्चीवर बसायला खूण केली. लहानपणी मार द्यायच्या आधी करायची तशी.

"चोर शोधू नकोस," ती म्हणाली. "चोर मीच आहे. मीच पुसत असणार, आणि मला आठवत नाही."

"काहीतरी बोलू नकोस."

"ऐक. मास्तर म्हणतात, ताई, आज बारा तारीख, तुम्ही पानावर पाच टाकलंय. मी म्हटलं, मी तर पडद्यावर बघून टाकते. मग बघितलं. मला पाच दिसला. तुला येऊन विचारलं, तू म्हणालास चुकणं शक्य नाही. म्हणजे तिथे बारा असणार, धाकट्या. मला पाच दिसतो."

मी काहीतरी बोलायला गेलो, ती थांबली नाही.

"आईला असंच नव्हतं का दिसत? भिंतीवर नसलेली माणसं? दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. तिसऱ्या दिवशी कुठे सहा. घरून निघताना बरोबर माहीत असतं मला, मोबाईलवर बघून निघते. इथे येऊन बसलं की सगळं मागे."

"कोणाला बोलावून दाखवायचंस तरी पडदा!"

"आणि त्यांना बारा दिसला असता तर?"

ताईने टेबलाच्या खणातून एक लिफाफा काढून माझ्यापुढे सरकवला. व्यवस्थापकांच्या नावाने राजीनामा होता. तारखेची जागा कोरी ठेवली होती.

"आज चारला मेंदूच्या डॉक्टरांकडे जातेय. लेकीला सांगितलंय, नातीला शाळेतून आणायचं मला आता जमणार नाही. तिने कारण विचारलं, मी गुडघ्याचं सांगितलं. रस्त्यात मधेच पोरीचं बोट सोडून पुढे निघून गेले तर काय घ्या!" तिने उरलेलं वाक्य टाइप केलं, संगणक बंद केला, टेबलाखाली वाकून बटण बंद केलं. "मी घरी जाते. आज माझ्याच्याने होणार नाही."

मी तेव्हा उठून तिचा संगणक सुरू करून बघायला हवा होता. एक बटण दाबायचं होतं फक्त. मी दाबलं नाही. मला वाईट वाटत होतं, आणि तरीसुद्धा, हे लिहिताना लाज वाटते, मला तिचं खरं वाटलं. तारखा, विसरणं, न दिसणारे आकडे. आईची मुलगीच ती. माझ्या संशयाला नवं घर मिळालं होतं, आणि तो तिथे लगेच पाय पसरून बसला.

दुपारी मास्तर काठी टेकत माझ्या खोलीत आले. बगलेत ताईच्या कच्च्या पानांचा गठ्ठा. "पाहुणीने सांगितलं मला," ते म्हणाले. "तारखांची चुगली मी केली, म्हणून मी आलोय. चुगली करायची नव्हती हो मला, सहज बोललो. आता ह्या तारखा मी वाचतो. तुम्ही ऐका."

आमच्याकडे प्रत्येक कच्च्या पानाच्या पहिल्या ओळीत धड्याचं नाव आणि तारीख असते. मास्तरांनी पानं क्रमाने लावून आणली होती. एकेका पानावर बोट फिरवत ते वाचू लागले. "सोमवार, दोन. मंगळवार, दोन. बुधवार, तीन. तीन. तीन. शनिवार, चार. सोमवार, चार. चार. पाच. पाच. पाच. सहा. सहा. सहा. सात..."

"थांबा," मी म्हणालो.

"सात, सात. मग आठ, आठ. काय हो कुलूपराव, माझी आजी विसरायची. एकदा म्हणायची सोमवार, एकदा म्हणायची माझं लग्न कधी आहे. अशी तीन-तीनच्या रांगेत नाही विसरली कधी."

कामाचे तीन दिवस म्हणजे चोवीस-पंचवीस तास. चोवीस तासांचा एक दिवस. जे घड्याळ फक्त ताई कामावर असताना चालतं आणि ती घरी गेली की झोपतं, त्याला एक तारीख ओलांडायला तीन दिवस लागतील. विसरणारं माणूस कसंही विसरतं. ही चूक शिस्तीत चालली होती. आणि अशी शिस्त माणसाची नसते.

मी बाहेर धावलो. ताईच्या टेबलाखाली वाकलो, बटण लावलं, संगणक सुरू केला. कोपऱ्यात ठसठशीत आकडा आला. नऊ. मलाही नऊच दिसला. मी पाहुणीला ओरडून बोलावलं. "काय दिसतंय?"

"नऊ," ती घाबरून म्हणाली. "आज चोवीस ना?"

पुढचं सगळं दहा मिनिटांत उलगडलं. ह्या जुन्या संगणकाच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, वीज नसताना घड्याळ चालतं ठेवणारा. तो कधीचाच मेला होता. बाकीच्यांची बटणं रात्रभर चालू असतात, त्यांना सेलची गरज पडत नाही. ताई बटण बंद करते, मग संगणक बंद होताना लिहून ठेवलेल्या वेळेपासूनच सकाळी पुढे मोजायला लागतो. तरी आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण रोज सकाळी संगणक बाहेरच्या घड्याळाला वेळ विचारून घ्यायचा. दोन तारखेला ती वाट मी बंद केली. सर्व्हरकडे वळवायच्या राहिलेल्या 'किरकोळ सोयीं'पैकी एक हीच होती.

मग सर्व्हरवर जाऊन ताईची काल संध्याकाळची फाईल शोधली. नव्हती. कशी असेल? माझं स्क्रिप्ट फाईल उचलून आणतं तेव्हा तिच्यावरची तारीख जशीच्या तशी ठेवतं. मला तसंच आवडतं, म्हणजे कोणी कधी काय केलं ते कळतं. काल केलेला धडा पंधरा दिवसांपूर्वीची तारीख कपाळावर घेऊन आला. पहाटे तीनला साफसफाई आली, तिने बारा दिवसांपेक्षा जुना कचरा म्हणून उचलला. चारच्या बॅकअपला काही उरलंच नाही. साफसफाईच्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत मी स्वतः लिहून ठेवलं आहे, 'ह्याला कोणीही हात लावू नये.'

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मीच घातलं होतं.

पावणेचार झाले होते. ताईला फोन लावला तर घंटी दाराजवळच्या खणात वाजली. सकाळच्या गडबडीत तिचा मोबाईल तिथेच राहिला होता. मी तो उचलला आणि निघालो. दवाखाना तसा जवळच, पण मी धावलो. एरवी मी धावत नाही. धावणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात असं मला वाटतं. त्या दिवशी खरंच बघत होते.

ताई आत गेलेली होती. दारावर लाल दिवा. बाकावर बसून मी माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिलो. काय सांगायचं ते मी तीनदा मनात जुळवलं आणि तिन्ही वेळा त्यात सेलचा दोष जरा जास्त आणि माझा जरा कमी निघाला.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. मला बघून तिला नवल वाटलं नाही. शेजारी बसली.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"खूप. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. ते केलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग विचारलं, आज तारीख काय."

"मग?"

"म्हटलं, घरी चोवीस, ऑफिसात नऊ." ती हसली नाही. "त्यांनी पेन खाली ठेवलं. मग काहीतरी लिहिलं, पुष्कळ लिहिलं. पुढच्या आठवड्यात डोक्याचा फोटो काढायचाय."

"ताई," मी म्हणालो, "ऑफिसात नऊच आहे."

ती माझ्याकडे बघायला लागली.

"पडद्यावर नऊच आहे. मला दिसतो, पाहुणीला दिसतो. तू बरोबर वाचत होतीस. पहिल्या दिवसापासून बरोबर वाचत होतीस. आणि धडे तू पुसले नाहीस." मग मी सगळं सांगितलं, रखवालदार, घड्याळ, सेल, झाडू. जुळवून ठेवलेलं काही आठवलं नाही, त्यामुळे खरं तेच बाहेर पडलं. "यंत्र चुकलं नाही," मी म्हणालो. "म्हणजे चुकलं, पण... मी चुकलो. मीच चुकलो ताई."

आतून कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक म्हातारा आपल्या मुलाचा हात धरून गेला. ताईचा हात तिच्या मांडीवर होता, आणि त्याची बोटं टाइप केल्यासारखी थोडी थोडी हलत होती.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"चहा घेऊन आले होते."

"हो."

मला वाटलं ती रडेल किंवा मला दोन ठेवून देईल. दोन्हीपैकी काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि त्यावर तारीख बघितली. मग उठून खिडकीपाशी बसलेल्या बाईंकडे गेली. "अहो, आज तारीख काय?" त्या बाई म्हणाल्या चोवीस. ताईने पुन्हा मोबाईल बघितला. मग तिने लेकीला फोन लावला. "आज पोरीला मी आणते. नाही, गुडघा बरा आहे."

शाळा पाचला सुटते. मी येऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, "रस्ता माहीत आहे मला." आणि गेली.

त्या संध्याकाळी मी घड्याळाची वाट उघडली, नवा सेल बसवला, साफसफाईची यादी ठेवायला सुरुवात केली आणि व्यवस्थापकांसमोर पुसणारा माणूस उभा केला, म्हणजे मी स्वतः जाऊन उभा राहिलो. पाहुणीने आणि ताईने मिळून धडे पुन्हा केले, पुस्तक महिनाअखेरीला गेलं. जुनी पुस्तकं तिला कशाला हवी होती ते मी शेवटी विचारलं. तिला जुन्या आकृत्या बघून शिकायचं होतं. डोक्याचा फोटो स्वच्छ आला. राजीनामा ताईने फाडला, पण तो तिने माझ्यासमोर नाही फाडला, मास्तरांकडून कळलं.

आता तिच्या पडद्यावरची तारीख सेकंदाच्याही फरकाने चुकत नाही. ती मी रोज सकाळी स्वतः जाऊन बघतो. ताई नऊला येते, संगणक सुरू करते, कोपऱ्यातला आकडा बघते आणि पहिल्या ओळीत तो टाकायच्या आधी पाहुणीला विचारते, "आज किती गं?" पाहुणी सांगते. मग ती मास्तरांना विचारते. मास्तर सांगतात. आकडा जुळला की टाइप करायला लागते.

माझं दार तिच्या टेबलापासून सहा पावलांवर आहे. मी ते उघडं ठेवतो हल्ली. ती मला विचारत नाही.